डिकीवरची लिब्रादा

लिब्रादा आल्बुकर्कहून परत आली, तेव्हा तिच्याच अंगणात तिच्याच मयताला बायका जमलेल्या. अंगावर काळ्या शाली, हातात झाकलेली पातेली, आणि ओर्लिंदा तर उंबऱ्यापाशी गुडघे टेकून जपमाळ ओढत बसलेली. ओर्लिंदा म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी, जन्माची मैत्रीण. लिब्रादा लेकीनं करून दिलेल्या गाडीतून उतरली. उजवा हात झोळीत बांधलेला, डाव्या हातात पिशवी. एवढी माणसं बघून, आपल्या वयाचं आता कोण कोण उरलंय, ते तिनं मनातल्या मनात मोजलं आणि हाक मारली,

“ओर्लिंदा, कोण गेलं गं?”

ओर्लिंदानं मान वर केली आणि तिच्या हातातली माळ खाली पडली. तोंड उघडं ते उघडंच.

“तू,” म्हणाली.

“मी कुठं गेले? मी लेकीकडे, एर्नेस्तीनाकडे होते. मनगट कापलंय माझं डॉक्टरनं, मान नव्हे.”

मागं कुणीतरी किंचाळलं. फाउस्तीनची बायको राजम्याचं जड पातेलं घेऊन आली होती, ती पातेल्यासकट मटकन खाली बसली. दोघी-तिघींनी छातीवर क्रूस काढला. एक म्हातारी पुढं झाली आणि लिब्रादाच्या गालाला चिमटा काढून बघितला. लिब्रादानं तिचा हात झटकला.

“कुणी सांगितलं तुम्हाला मी मेले म्हणून? नाव सांगा, जीभ हासडते त्याची.”

“सांगायला कशाला पाहिजे?” ओर्लिंदा आता रडतही होती आणि हसतही होती. “सकाळी रंगवाल्या सेल्सोच्या गॅरेजातून तुझी गाडी निघाली. आख्ख्या रस्त्यानं पाहिली. डिकीवर तू. ढगात. पंख लावलेली.”

आता आमच्या खोऱ्यात गाडीच्या डिकीवर चित्र रंगवतात, ते एक तर देवाच्या आईचं असतं, नाहीतर गेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाला कुणी डिकीवर चढवत नाही. कुणाचा पोरगा अपघातात गेला, कुणाची आई गेली, की वर्षाच्या आत त्याचा चेहरा गाडीवर येतो, आणि मग दर ईस्टरला सजवलेल्या गाड्यांची रांग निघते, तीत तो सगळ्यांबरोबर गावातून फिरतो. लहान पोरालाही कळतं, चित्र आलं म्हणजे माणूस गेलं. असल्या वेळी घरच्यांना कुणी विचारत बसत नाही. शेगडी पेटवायची, पातेलं चढवायचं आणि दारात नेऊन ठेवायचं.

आणि गाडी चालवत होता लिब्रादाचा पोरगा, डेल्फिनो. हळूहळू, ऐटीत, खिडकी खाली करून. रस्त्यावरचे बाप्ये त्याला बघून टोपी काढत होते, मान खाली घालत होते. त्याला वाटलं, गाडीचा मान! तो आपला प्रत्येकाला हात करत, हसत हसत गेला. लोक म्हणाले, बिचारा, दुःखानं डोकं फिरलं पोराचं.

लिब्रादानं पिशवी अंगणात टाकली आणि तडक मागच्या शेडकडे गेली. त्या शेडला तिच्या बापाच्या वेळेपासून कुलूप माहीत नव्हतं. आता तिथं नवंकोरं पितळी कुलूप लटकत होतं. ती त्याच्याकडे बघत उभी होती, तेवढ्यात डेल्फिनो आला. एका हातात केकचं खोकं, दुसऱ्या हातात फुगे.

“आई! तू संध्याकाळी येणार होतीस ना? अरे देवा, सगळं सरप्राइज फसलं. आणि ही माणसं कशाला जमलीत?”

“किल्ली दे.”

“आधी डोळे मीट.”

“मिटले होते म्हणे मी. किल्ली दे.”

त्यानं दार उघडलं. गाडी तोंड आत करून उभी होती, म्हणजे डिकी दारापाशी. डेल्फिनोनं वरची चादर ओढली.

खरं सांगायचं तर चित्र सुंदर होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. लिब्रादा अठरा-एकोणीस वर्षांची, लग्नाआधीच्या फोटोवरनं काढलेली, पांढरा झगा, पाठीला पंख, हातात गुलाब, गाल चित्रातल्या याच गाडीच्या दाराला टेकवलेला, जणू नवऱ्याच्या खांद्यावर मान ठेवलीय. भोवती ढग आणि पांढरी पारवी. खाली सोनेरी अक्षरांत तिचं नाव, नावाखाली जन्माचं साल, सालापुढे एक आडवी रेघ. रेघेपुढे काही नाही. मोकळी जागा.

“कशी वाटली?” डेल्फिनोनं विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

लिब्रादानं डावा हात पुढे केला, तळवा डिकीवर ठेवला, डोळे मिटले आणि हळूहळू हात फिरवायला लागली. पत्रा डोळ्यानं बघायचा नसतोच, डोळा फसतो, हे ती सगळ्यांना सांगायची. पंखावरून हात आला, ढगावरून आला, आणि तिच्याच चित्रातल्या गालापाशी थांबला. तिनं बोटाच्या पेरानं टिचकी मारली. टण् वाजायला हवं होतं. वाजलं थप्.

“लांबी?” ती म्हणाली.

“काय?”

“माझ्या तोंडात लांबी भरलीय, खड्डे बुजवायचा लगदा. बोटभर. तो पोचा ठोकून काढायचा होता, आणि तुम्ही वरून चिखल लिंपला?”

“आई, चित्राकडे बघ ना.”

“चित्राकडेच बघतेय. जिवंत माणसाला पंख लावायचे आणि खाली पत्रा सडवायचा. कुणाच्या डोक्यातून निघालं हे? तुझ्या? आणि ती रेघ ओढून कुणाची वाट बघताय?”

बाहेर बायका कान देऊन उभ्या होत्या. एकीचंही पाऊल घराकडे वळत नव्हतं.

त्या पोच्याचं सांगायचं तर डेल्फिनोच्याच बारशाच्या दिवशीचा तो. लिब्रादाचा नवरा ट्रांकिलीनो गाडी मागं घेताना देवळाच्या भिंतीवर आदळला. मातीची भिंत, तिला काही झालं नाही. पत्रा मात्र आत गेला आणि ताणला गेला. एकदा ताणलेला पत्रा रबरासारखा होतो, इकडून दाबला की तिकडून वर येतो. लिब्रादानं तो कितीदा ठोकून सरळ केला, पुन्हा खरवडला, पुन्हा ठोकला. बघणाऱ्याला सरळच दिसायचा. तिच्या तळव्याला कळायचं. यंदाच्या थंडीत तिनं परत रंग काढला, पत्रा उघडा केला, आणि अर्ध्यावर मनगटानं दगा दिला. म्हणून तर ऑपरेशन. ईस्टरच्या आत येते, पोचा काढते, रंग देते, असं ठरवून ती गेली होती.

“हे बघ आई,” डेल्फिनो म्हणाला, “तुझं वय झालं. डॉक्टर म्हणाला हातोडी बंद. मी बोललोय त्याच्याशी फोनवर. ईस्टरला तू पुढच्या सीटवर राणीसारखी बसायचं, गाडी मी चालवीन. फाउस्तीनकाकांनी रांगेत सगळ्यांच्या पुढे जागा दिलीय आपल्याला. आणि हत्यारं मी माझ्या घरी नेऊन ठेवली आहेत, तुला उगाच मोह नको.”

“माझी हत्यारं?”

“आजोबांची.”

“त्यांची होती तेव्हा त्यांची. आणि गाडी तू चालवणार?”

“मग काय झालं? बापाची गाडी पोरानंच चालवावी ना.”

बापाची गाडी. ओर्लिंदा नंतर सांगत होती, तो शब्द ऐकला आणि मी दोन पावलं मागं सरले.

लिब्रादाच्या बापाचं हेच शेड. तिथं तो गाड्यांचे पोचे ठोकून काढायचं काम करायचा. पोरगा नव्हता, म्हणून आठ-नऊ वर्षांची लिब्रादा गाडीच्या आतल्या बाजूला घुसून लोखंडी ठोकळा धरायची आणि बाप बाहेरून हातोडी मारायचा. हात हलला तर बाप शिव्या द्यायचा. पुढे बापाची नजर गेली, मग ठोकळा बाप धरायचा आणि हातोडी हिच्या हातात आली. गावातले बाप्ये गाड्या आणायचे, म्हाताऱ्याशी बोलायचे, म्हाताऱ्याचे आभार मानायचे. ती पलीकडे उभी असायची, नखात काळं, कपाळावर काळं, आणि कुणी तिला पाणी मागायचं.

ही गाडी, पन्नास सालची शेवरले, तेव्हा नदीच्या काठात पुरलेली होती. पुराच्या पाण्यानं शेत खाऊ नये म्हणून लोक जुन्या गाड्या काठाला रचायचे, त्यातली एक. आत वाळू, सापाची बिळं, टपावर झाड उगवलेलं. लिब्रादानं काकाची खेचरं आणली आणि ती ओढून बाहेर काढली. सगळं खोरं हसलं होतं. म्हणाले, पोरीला नवरा मिळेना म्हणून मढं उकरून आणलं. तिला तो शब्द अजून पाठ होता आणि तो म्हणणारा फाउस्तीनच होता, हेही पाठ होतं.

नवरा मिळाला. ट्रांकिलीनो चांगला होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. डोंगरावरच्या प्रयोगशाळेत झाडलोटीची नोकरी, घरी आल्यावर गाणी. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. पण गाडी चालवावी त्यानंच. एवढी हळू, की बाजूनं चालणारं पोर पुढं जायचं. आमच्याकडे गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवतात, तीच ऐट, पण तेव्हा त्याला पैसे कुणाकडे होते? डिकीत वाळूची पोती टाकायची, झालं. लिब्रादा पोती भरायची, ट्रांकिलीनो चालवायचा, आणि लोक म्हणायचे, वा, ट्रांकिलीनोची गाडी! त्यानं सांगितलंही, अहो, सगळं हिनं केलंय. लोक म्हणायचे, बघा, बायकोला कसा खूश ठेवतो. एका प्रदर्शनात पत्र्याच्या कामाचं बक्षीस मिळालं, ढाल त्याच्या हातात दिली. लिब्रादा मागं खुर्चीवर बसून भाकऱ्यांचा डबा सांभाळत होती. त्यानं ढाल आणून तिच्या मांडीवर ठेवली. फोटोवाल्यानं ती उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली.

तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, डिकीवर त्याला काढ. ती नाही म्हणाली. तोच सांगून गेला होता, ‘जित्तेपणी माझ्या थोबाडाकडे कुणी बघितलं नाही, आता कशाला तुझा रंग खराब करतेस.’

हे सगळं डेल्फिनोला माहीत नव्हतं का? वीस वर्षं तो डेन्व्हरला राहिला, अलीकडेच परतला. त्याच्या आठवणीत बाप स्टिअरिंगवर आणि आई मागच्या सीटवर डबा घेऊन. त्यात तिच्या हाताची काळी नखं नव्हती.

“गाडी कुणाची?” लिब्रादानं विचारलं.

“आई, भांडायला नको. माणसं ऐकताहेत.”

“ऐकू दे. माझ्या मयताला आलीत, काहीतरी ऐकून जाऊ देत. गाडी कुणाची?”

त्यानं खाली पडलेली चादर उचलून घडी घालायला घेतली.

“हत्यारं आण.”

“नाही.”

“बरं.” ती वळली, बायकांच्या मधून गेली, रस्ता ओलांडून डेल्फिनोच्या घरात शिरली आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. सून मार्लीन भांडी घासत होती. लिब्रादा नुसती बसली. जेवायची वेळ झाली तरी बसलेली. डेल्फिनो आला, त्यानं समजावलं, ओरडला, बाहेर गेला, परत आला. ही टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत बसलेली. शेवटी मार्लीननं फडकं आपटलं.

“सासूबाई, हत्यारांची पेटी आमच्या पलंगाखाली आहे. घेऊन जा. रोज रात्री माझ्या कमरेखाली कण्हल्यासारखी वाजते.”

“मार्लीन!” डेल्फिनो म्हणाला.

“काय मार्लीन? मी काढू चित्र तुझं? पंख लावून?”

पेटी उचलायला मात्र लिब्रादाला एका हातानं जमेना. ओढत ओढत दारापर्यंत आणली. डेल्फिनोनं ती धरली. मदतीसाठी नाही, अडवायला. दोघं पेटीच्या दोन कड्या धरून उभे.

“मी तुला जानेवारीत पाहिलं,” तो हळू आवाजात म्हणाला. “शेडमध्ये. हातोडी सुटत नव्हती तुझ्या हातातून. मी एकेक बोट उघडलं. तू ओठ चावून बसली होतीस. विसरलीस?”

लिब्रादाचा चेहरा लालभडक झाला. ते त्यानं पाहिलं याचा तिला सगळ्यात जास्त राग होता. चित्रापेक्षा, लांबीपेक्षा.

“आणि ते बघून तुला काय सुचलं? माझं मयत. बोटं मिटत नाहीत तर दांडा जाड करायचा असतो, डेल्फिनो. बोटं दुखतात तर हात बदलायचा असतो. बाप आंधळा झाला तेव्हा मी त्याला डिकीवर नाही चढवला, ठोकळा दिला त्याच्या हातात. सोड पेटी.”

त्यानं सोडली. पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिब्रादा बादली, पाणी आणि रंग घासायचा वॉटर पेपर घेऊन डिकीसमोर बसली. पेपर डाव्या हातात. आधी पंख. सोनेरी, पांढरं, निळं पाणी ओघळायला लागलं. ओर्लिंदा स्टूल घेऊन शेजारी बसली, पाणी ओतायला.

“पारवी तरी ठेव,” ओर्लिंदा म्हणाली. “पारव्यांनी काय केलंय?”

“पाणी ओत.”

बातमी सेल्सोपर्यंत गेली आणि तो रंगाच्याच कपड्यात पळत आला. सेल्सो चाळिशीचा, डोळे कायम लाल, मनाचा हळवा.

“मावशी, थांबा! पाया पडतो! असं काम माझ्या हातून आजवर झालं नाही. ते डोळे काढायला मला किती दिवस लागले!”

“डोळे चांगले काढलेस,” लिब्रादा म्हणाली, हात न थांबवता. “खोटं बोलणार नाही. बाकी सगळं खोटं. अठराव्या वर्षी ही गाडी नदीत पुरलेली होती. मी हिला गाल कुठून टेकवणार? आणि हात बघ. असले हात होते का माझे? गुलाब धरलाय म्हणे. मला ओळखणारं एक माणूस नव्हतं का तुझ्या गॅरेजात?”

“डेल्फिनोनं फोटो दिला.”

“आणि लांबी कुणी दिली?”

सेल्सोनं मान खाली घातली. “तो म्हणाला, ईस्टरच्या आत पाहिजे. ठोकत बसलो असतो तर झालं नसतं.”

“तुझा बाप माझ्याकडून पत्रा ठोकून न्यायचा, मग रंग द्यायचा. त्यानं बोटभर लांबी कधी लिंपली नाही. बरं, ते जाऊ दे. ती रेघेपुढची जागा कशाला सोडलीस?”

“ते…” सेल्सो अडखळला. “मावशी, हा लाल रंग उन्हानं उतरतो. नंतर आकड्यासाठी चित्र पुसून लाल मारायचं म्हटलं की नवा रंग जुन्याशी जुळत नाही, ठिगळासारखा दिसतो. म्हणून आधीच जागा आखून ठेवली. म्हणजे तेव्हा त्रास नको.”

ओर्लिंदाच्या हातातून बादली निसटता निसटता राहिली. हसू आवरेना, पण लिब्रादाकडे बघून तिनं शाल तोंडात कोंबली.

“म्हणजे तू मला रंगवत होतास न् माझ्या मयताची सोय बघत होतास.”

“धंद्याची सवय, मावशी.”

“मग आता दुसरी सवय लाव. ती पटाशी घे न् तुझी लांबी तू काढ. मी माझं तोंड काढते.”

सेल्सो खरंच बसला. बराच वेळ दोघं शेजारी शेजारी घासत, खरवडत होते. अधूनमधून सेल्सो नाक पुसायचा. गाल गेला, केस गेले, गुलाब गेला. डोळे शेवटी राहिले. उघड्या पत्र्यावर नुसते दोन डोळे, तिच्याकडे बघणारे. सेल्सोनं तोंड फिरवलं. लिब्रादानं त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं, पेपर बदलला आणि ते पुसले.

मग हातोडी. डाव्या हातानं पहिला घाव पडला तो भलतीकडेच, आणि जिथं पोचा नव्हता तिथं नवा पोचा आला. तिनं अशी शिवी दिली, की ओर्लिंदानं कानावर हात ठेवला. आत ठोकळा धरायला कुणी नाही. उजव्या हातानं धरावा तर मनगटातून कळ निघते. दोन-तीन घाव मारले आणि थांबली. पत्रा आधीपेक्षा वाईट झाला होता, आणि ते बघायला डोळेही पुरत होते. तिनं त्यावर रंगाआधी मारायचं करडं प्रायमर मारलं आणि शेडचं दार इतक्या जोरात लोटलं, की वरची माती पडली.

गुड फ्रायडेला फाउस्तीन आला. तोच तो मढ्यावर हसणारा, आता ईस्टरच्या गाड्यांचा म्होरक्या, पोट पुढे, पायाला सूज, हातात काठी.

“लिब्रादा, तुझ्यासाठी वाईट वाटतं. पण नियम नियम. प्रायमरची गाडी रांगेत चालत नाही. दुरून माणसं बघायला येतात. अर्धवट गाडी आणायची म्हणजे चोळी न घालता देवळात गेल्यासारखं.”

“तू तसाच जातोस, मी पाहिलंय. सगळी बटणं उघडी.”

“चेष्टा नको. यंदा घरी बस. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी माझं वय कमी होणार आहे का, फाउस्तीन? तुझी बायको माझ्या मयताला राजमा घेऊन आली होती. चांगला होता. मीठ कमी होतं. आता जा.”

तो गेला आणि लिब्रादाची नजर स्वयंपाकघरातल्या पातेल्यांवर गेली. ती सगळी तिथंच होती. फाउस्तीनच्या बायकोचं लोखंडी, ओर्लिंदाचं निळं, कुणाची कढई, कुणाचं झाकण असलेलं, कुणाचं झाकण हरवलेलं. मेलेल्या माणसाच्या घरी आलेलं भांडं घरची माणसं घासून परत देतात. पण इथं मेलेलीलाच घासायची होती. ते कुणाला सुचलं नव्हतं आणि मागायला यायची हिंमतही कुणाला नव्हती. लिब्रादानं एका हातानं ती सगळी घासली. मोडाच्या गव्हाच्या पिठाची खीर, उपवासाची, ईस्टरच्या पहाटे मोठ्या भांड्यात शिजवली आणि प्रत्येकात ओतली. रिकामं भांडं परत द्यायची तिची रीत नव्हती, राग असला म्हणून काय झालं.

ईस्टरच्या सकाळी शेवरले बाहेर निघाली. पुढे लालभडक, आरशासारखी, मागे करडी डिकी, त्यावर लाटा. आत पातेली, कापडात बांधलेली. त्यांच्या वजनानं गाडीचं मागचं अंग खाली बसलं, जुन्या वाळूच्या पोत्यांसारखं. शेजारी ओर्लिंदा, मांडीवर तिचंच पातेलं. लिब्रादानं हाताची झोळी काढून फेकलेली, उजवा हात नुसता स्टिअरिंगवर टेकलेला, चालवणारा डावा.

दर घरापुढे गाडी थांबायची. ती हॉर्न वाजवायची, कुणी बाहेर येईपर्यंत.

“घे तुझं पातेलं. अजून मेले नाही.”

बायका ओशाळून यायच्या. “लिब्रादा, आम्हाला काय माहीत…”

“आता माहीत झालं ना? खीर गरम आहे तोवर खा.”

एका म्हाताऱ्यानं तिला बघून सवयीनं टोपी काढली. लिब्रादानं ब्रेक दाबला.

“टोपी घाल डोक्यात.”

त्यानं घातली.

शेवटी एकच पातेलं उरलं, फाउस्तीनच्या बायकोचं. आणि फाउस्तीन तर मोठ्या रस्त्यावर, रांगेच्या तोंडाशी, काठी घेऊन उभा. दोन्ही बाजूंना माणसं, पोरं, खुर्च्या. एकामागे एक चकचकीत गाड्या, डिक्यांवर मेलेल्यांचे चेहरे, सगळे तरुण, सगळे हसणारे. लिब्रादानं शेवरले गल्लीतून सरळ रांगेच्या तोंडाशी आणली.

“लिब्रादा, मी सांगितलं होतं…”

“डिकी उघड. तुझ्या बायकोचं पातेलं आहे.”

त्याला उघडावीच लागली, बायको शेजारीच उभी होती. पातेलं गरम होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि मग काठी धरायला हात कुठला? लिब्रादानं गिअर टाकला आणि रांगेत शिरली. मागचे थांबले. कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी म्हणालं, शरम नाही म्हातारीला. ती ट्रांकिलीनोपेक्षाही हळू चालवत गेली. करडी डिकी सगळ्यांना नीट बघू दे, म्हणून.

डेल्फिनो रस्त्याच्या कडेला पोरांबरोबर उभा होता. गाडी त्याच्यासमोरून गेली. त्यानं हात केला नाही, तिनंही नाही.

सोमवारी ती शेडमध्ये गेली. दाराला कुलूप नव्हतं. पेटीवर हातोडी ठेवलेली, आणि दांड्याला जुन्या टायरच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, पट्टीवर पट्टी, वर दोरा. तिनं डाव्या हातात धरली, मग उजव्या. बोटं पुरती मिटायची गरजच पडत नव्हती. ती शेडच्या दारात आली आणि रस्त्यापलीकडे ओरडली,

“डेल्फिनो! एवढा जाड दांडा कुणासाठी केलास? खेचरासाठी?”

डेल्फिनो अंगणात बूट घालत होता. एक बूट पायात, एक हातात, तसाच आला.

“जाड झाला तर काढतो.”

“राहू दे आता. कामावर जायचंय तुला?”

“अकराला.”

“मग तोवर डिकीच्या आत घूस. ठोकळा तिथं आहे. मी सांगीन तिथं धरायचा.”

एवढा मोठा माणूस, पाय दुमडून, डोकं वाकवून आत शिरला. आतून त्याचा आवाज आला, “इथं?”

“वर. अजून वर. तुझ्या बारशाचा पोचा आहे, तुला सापडायला पाहिजे.”

तिनं तळवा फिरवला, जागा धरली आणि पहिला घाव घातला. डिकीच्या आत ठोकळा सरकला.

“हलू नको म्हणलं ना, गाढवा!”